समितीपुढचं अर्धं उत्तर

एम.ए. झाल्यावर सोलापुरातल्या एका कॉलेजात मला हंगामी नोकरी लागली, ती तिथंच शिकवणाऱ्या आमच्या सरांनी शब्द टाकला म्हणून. मी टेंभुर्णीचा, शेतकऱ्याच्या घरातला. सर अर्थशास्त्राचे, ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून सायकलवरून चर्चला जायचे आणि सोमवारी वर्गात मागणी-पुरवठ्याचे वक्र काढायचे. या दोन गोष्टी वेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात असं त्यांना कधी वाटलं नाही. विश्रांती माणसाला देवानं दिलेली आहे, ती मालकानं द्यायची गोष्ट नव्हे, असं ते म्हणायचे. आणि ज्या अर्थशास्त्राला थकलेलं माणूस दिसत नाही ते अपुरं आहे, असंही.

त्यासाठीच त्यांनी शहराच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांची पाहणी सुरू केली. ही तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं. पुरुष मागावर, बायका घरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. मदतीला मी. आमच्या छापील फॉर्मवर सरांनी स्वतःचे दोन प्रश्न हातानं वाढवले होते. काल बसून जेवलात का? आणि शेवटचा रिकामा दिवस कोणता? पहिल्यांदा ते विचारताना मला लाज वाटली होती. बायका हसायच्या. एक बाई मात्र हसली नाही. तिचे हात वळतच होते. ती म्हणाली की बाळंतपणात दवाखान्यात होते, ते दोन दिवस. त्या बाळंतपणातली तिची धाकटी मुलगी आता शाळेत जात होती. सरांनी उत्तर लिहून घेतलं.

त्या बाईकडे आम्ही तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिचा नवरा छातीच्या दुखण्यानं सरकारी दवाखान्यात पडला होता. तिनं सूप बाजूला ठेवलं. ते बाजूला ठेवलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"मास्तर, आमच्या देवाला सांगून झालं," ती म्हणाली. "आता तुमच्या देवाला पण सांगा की."

सर गडबडले. मी त्यासाठी येत नाही बाई, असं त्यांनी तिला समजावलं. तिनं पुन्हा तेच म्हटलं. तेव्हा सरांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत जाऊन डोळे मिटून मिनिटभर उभे राहिले आणि बाहेर आले. ओठसुद्धा हलले नाहीत. मी दाराशी फॉर्म धरून उभा होतो.

महिन्याभरात कॉलेजात कुजबुज सुरू झाली, की पाहणी हे नुसतं निमित्त आहे, सर गल्लीगल्लीतून बाटवाबाटवी करतात. कुणी तक्रारीचा अर्जही दिला. व्यवस्थापनानं तिघांची समिती नेमली आणि मला बोलावलं. त्याच आठवड्यात मला कायम करायचा कागद त्यांच्यापुढं होता. तसं मला कुणी बोलून दाखवलं नाही. मला ते माहीत होतं, एवढंच.

सरांनी घरोघरी धर्माचा प्रचार केला का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग मधले गृहस्थ म्हणाले, "प्रार्थना केलेली तुम्ही पाहिली का? हो की नाही, तेवढं सांगा."

"हो," मी म्हणालो. "एका घरात. एकदा."

कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यांनी विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडात तयार होतं. मी समोरच्या तांब्याकडे बघत बसलो आणि त्यांनी या आता म्हटल्यावर उठलो. बाहेर आल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, याची शरम मला सगळ्यात जास्त आहे.

पाहणी बंद झाली. सरांना कुणी काढलं नाही; त्यांच्याशी बोलणं तेवढं थांबवलं. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. मीही तिथं बसणं सोडलं. वर्ष संपताच त्यांनी राजीनामा दिला.

जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ते फॉर्मचे गठ्ठे सुतळीनं बांधत होते. सर, माझं चुकलं, एवढंच मला बोलता आलं. त्यांनी गाठ पूर्ण केली.

"तू खोटं काही बोलला नाहीस," ते म्हणाले. "म्हणून तर समितीपुढं मला उत्तर देता आलं नाही."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं. त्यांनी चहा केला, मी प्यालो. गठ्ठे टांग्यात ठेवायला उद्या येऊ का विचारलं, तर नको म्हणाले.

मी कायम झालो तेव्हा वडील टेंभुर्णीहून आले. कॉलेजची इमारत बाहेरून बघितली, फाटकाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "त्या सरांस्नी पेढे दिलं का? त्यांच्यामुळंच झालं की हे."

"दिले," मी म्हणालो.

"लई चांगलं केलं," ते म्हणाले, आणि समाधानानं धोतराचा सोगा सावरून चालू लागले.

पुढं मी तीस वर्षं शिकवलं. घरात बसून केलेलं काम देशाच्या उत्पन्नात दिसत नाही, हा धडा आला की दरवर्षी मी सरांचे ते दोन प्रश्न फळ्यावर लिहायचो. वर्ग गंभीर व्हायचा. माझ्या शिकवण्याचं कौतुक झालं ते बरंचसं त्या तासामुळे. एकदा पूर्व भागातूनच येणारी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, हे प्रश्न कुणाचे? माझी आई विड्या वळते. मला तिला सांगायचंय."

मी खडू खाली ठेवला. समिती केव्हाच संपली होती, माझी नोकरी कुणी काढून घेणार नव्हतं. "कुठंतरी वाचलेत," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि प्रश्न वहीत उतरवून घेतले.

सर वारल्याचं मला फार उशिरा कळलं, तेही दुसऱ्याच कुणाशी बोलताना. त्या विडी वळणाऱ्या बाईच्या गल्लीत मी परत कधीच गेलो नाही. तिचा नवरा वाचला की नाही, मला माहीत नाही.