जाईच्या पाल्याची पट्टी

फुलंब्रीची बस दिसली की मी अजून खिडकीत त्या ताईला शोधतो. नाव विचारायचं राहूनच गेलं.

शहरातल्या औषधाच्या कॉलेजात ती जाईच्या पाल्याच्या रसाचे केसाहून बारीक धागे काढायची, अन् तोंड आल्यावर लावायची पट्टी बनवायची. पट्टी किती टिकते, हे स्वतःच्याच ओठाआत चिकटवून बघायची. म्हणून आमच्या रोजच्या बसमध्ये गप्प.

एकदा मी कंडक्टरची नक्कल केली. ती हसली अन् पट्टी सुटली.

"सॉरी, ताई!"

"सॉरी काय, येड्या? तोंड आलेल्यानं हसायचं नाय का? रोज कर नक्कल."

महिनाभर पट्टी रोज सुटली. मग एकदा ती हर्सूलचा थांबा येईपर्यंत पोट धरून हसली, अन् ओठ उलटा करून दाखवला. पट्टी तिथंच! ताईच्या डोळ्यांत पाणी.

"काय केलं रं पोरीला?" कंडक्टर माझ्यावरच खेकसला.

त्या खेकसण्याची नक्कल मात्र मला जमली नाय; माझेच डोळे भरले होते.