धाबळीचे झबले

माघातल्या पहाटे पुणे सोडले तेव्हा थंडी इतकी होती की, स्टेशनावरचे हमालसुद्धा शेकोटी सोडायला तयार नव्हते. आम्ही तिघे निघालो होतो: मी, माझी थोरली बहीण अक्का आणि माझी तीन वर्षांची मुलगी यमू. ठाण्याला मामांच्या नातवाची मुंज होती. यमूची आई बाळंतपणातच गेली. तेव्हापासून अक्काची मांडी हेच तिचे घर. पण अक्का कडक सोवळ्याची विधवा. सुती कपड्यातल्या पोरीला शिवली, की तिला पुन्हा अंघोळ. लोकरीला विटाळ लागत नाही, म्हणून तिने आपल्या धाबळीतून (सोवळ्याचे लोकरी वस्त्र) यमूला झबले शिवले होते. ते अंगात असले की यमूने स्वयंपाकघरात खुशाल मांडीवर चढावे. पुण्याच्या थंडीत हे छान चालले होते.

घाटात मी दऱ्या पाहायला खिडकीतून डोके काढले आणि डोळ्यात कोळशाचा कण घालून घेतला. कर्जतला उतारूंनी उपरण्याने वारा घ्यायला सुरुवात केली. यमू बाकाला पाठ घासू लागली. झबले वर करून पाहिले, तर पाठभर तांबडे पुरळ.

कल्याणला एका स्नेह्याकडे उतरलो. त्यांच्या कुटुंबाने लांबूनच निदान केले, "पित्त उठलंय हो! आगळ लावा." आगळ म्हणजे आमसुलांचा रस. त्यात मीठ असते, हे यमूच्या किंकाळीने आम्हांला कळवले. मग कडुनिंबाच्या पाण्याने अंग पुसले आणि झबले पुन्हा चढवले. तेवढी रात्र खाजवण्यात गेली.

गाडीने ठाणे जवळ. पण मला खाडी पाहायची हौस. म्हणून पडावाने, म्हणजे शिडाच्या होडीने निघालो. कोपर गाव मागे पडले, दोन्ही अंगांना तिवरांच्या झुडपांची दाटी, समोर पारसिकचा डोंगर. शेजारी ठाण्याची एक ख्रिस्ती शेतकरीण रिकाम्या टोपल्या घेऊन बसली होती. नेसूचे लुगडे आपल्यासारखेच, गळ्यात मात्र क्रूस.

"पोर का रडतं गो बाय?" तिने विचारले.

अक्काने आभाळाकडे पाहिले. मीच म्हणालो, "अंगाला खाज सुटली आहे."

"खाडीचा वारा बाधला असंल. आमचे घरचं खोबरेल हाय, लाव."

मी चोळले. यमू घटकाभर हसली. मग त्या तेलाला झबल्याची लोकर चिकटली आणि पोरगी पुन्हा तडफडू लागली. मला हसावे की रडावे कळेना.

ठाण्याला मामींनी ओटीवरच आम्हांला अडवले. "अगं बाई, अंगभर हे काय? देवी तर नव्हेत? अक्के, रागावू नकोस, पण घर पोरांनी भरलंय. मुंज तोंडावर आहे."

देवी म्हटल्यावर घरात पाऊल टाकायची सोयच नव्हती. आम्ही परसातल्या विहिरीवर जाऊन बसलो. अक्काने झबले उतरवले आणि ती डाळीच्या पिठाने तेल काढू लागली. एकाएकी तिचा हात थांबला.

"बापू, इकडे ये. हिच्या तोंडावर एक तरी पुळी आहे का?"

"नाही."

"तळहातांवर?"

"नाही."

"काखेतली ही ओळ बघ. इथं माझी शिवण येते." तिने झबले पुरळावर धरून दाखवले. गळ्यापासून घेरापर्यंत सारे जुळत होते. "मीच घातलं रे तिला हे," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

मामींनी येऊन निरखून पाहिले आणि यमूला कडेवर घेतले. ठाण्याच्या उबेत यमू उघडीच राहिली. उघड्या लेकराला सोवळ्यात मज्जाव नाही. मुंजीच्या पंगतीत ती तशीच हिंडली, तळ्याकाठी माझ्या खांद्यावर बसून तिने बदके बघितली, आणि लहर लागली की अक्काच्या मांडीवर. पुरळ मावळले.

पुण्यात परतलो तो थंडी तशीच. यमूला उघडे ठेवणे शक्य नव्हते आणि झबले नुसते दिसले तरी ती भोकाड पसरे. मी जुन्या मऊ धोतराचे अंगडे करवून आणले. ते घालून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. "आत्ये, घे."

अक्का सोवळ्यात होती, चुलीवर नैवेद्याचा भात. मी यमूला मागे ओढणार, इतक्यात अक्काने चुलीतली लाकडे बाहेर काढली, हात पुसले आणि तिला उचलून घेतले. यमू मांडीवरच झोपली. ती जागी होईपर्यंत अक्का हलली नाही. मग उठून विहिरीवर गेली, गार पाण्याच्या घागरी अंगावर घेतल्या आणि भात पुन्हा पहिल्यापासून रांधला.

पाने मांडली तेव्हा उन्हे कलली होती. कल्याण, खाडी, ठाणे, सारे पाहून आलो होतो. पण घरी जेवताना माझी नजर तिच्या अंगावरच्या ओल्या लाल आलवणावरून हलेना.

"अक्का, रोज असंच करणार का?" मी विचारले.

"पाणी पुष्कळ आहे विहिरीत," ती म्हणाली आणि मला भात वाढला.