साठ तासांचं शिफारसपत्र

"पत्र तूच लिहून आण, मी सही करतो," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी त्यांनी घंटी दाबली.

मला याचं आश्चर्य वाटलं नाही. दोह्यातल्या आमच्या कॉलेजात प्री-मेडच्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाने आपलं शिफारसपत्र स्वतःच लिहिलं होतं. मेडिकलच्या अर्जाला मार्क लागतात, निबंध लागतो आणि एखाद्या डॉक्टरच्या खोलीत साठ तास बसून काम पाहिल्याचं पत्र लागतं. डॉक्टरांना वेळ नसतो, म्हणून मुलं स्वतःबद्दल स्वतःच लिहितात. संवेदनशील, कष्टाळू, नेतृत्वगुण असलेली. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने तर स्वतःला 'माझ्या संपूर्ण कारकिर्दीत पाहिलेली सर्वात हुशार विद्यार्थिनी' करून टाकलं होतं, आणि तिच्या डॉक्टरने ते न वाचता सही ठोकली. कॅन्टीनमध्ये ती ते वाचून दाखवत होती. आम्ही सगळे हसलो. उद्या हेच लोक पेशंटच्या कागदांवर न वाचता सह्या करणार आहेत, हे तेव्हा एकालाही सुचलं नाही. मलाही नाही.

दोह्याच्या थुमामा भागातलं हे क्लिनिक मला मिळालं ते अब्बांमुळे. अब्बा रत्नागिरीहून एका बांधकाम कंपनीत टायपिस्ट म्हणून आले, माझ्या जन्माच्याही आधी. इथे अरबी शिकले, आणि पुढे कंपनीच्या कामगारांना दवाखान्यात नेणं-आणणं हे त्यांचं काम झालं. कामगार हिंदी बोलतो. डॉक्टर अरबी आणि इंग्रजी बोलतात. मधे कंपनीचा माणूस. प्रत्येक कंपनीचा असा एक माणूस असतो. तो पेशंटच्या शेजारच्या खुर्चीवर फाइल मांडीवर घेऊन बसतो आणि पेशंटच्या वतीने बोलतो.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची. कॉलेजच्या फॉर्मवर नियम छापलेले होते: विद्यार्थ्याने पेशंटला हात लावू नये, मत देऊ नये, मधे बोलू नये. मी ते पाळले. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की कामगार दोन मिनिटं बोलतो आणि कंपनीचा माणूस ते चार शब्दांत सांगतो. मला हिंदी येते, आणि शाळेत सक्तीने शिकवलेली अरबीही पुरेशी येते. एक जण म्हणाला, "साहब, सीढ़ी चढ़ता हूँ तो छाती पकड़ लेता है, बायाँ हाथ भी दुखता है." त्याच्या कंपनीच्या माणसाने सांगितलं, "गॅस झालाय." डॉक्टरांनी गॅसची गोळी लिहिली. मी वहीत लिहिलं: आजचे तास, तीन.

तो एकटा नव्हता. तसे चार जण मला नीट आठवतात. न आठवणारे किती असतील, कोण जाणे.

मी गप्प बसणारी मुलगी नाही असा माझा स्वतःबद्दल फार दिवसांचा समज होता. चिपळूणला माझे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, पत्रकं काढायचे. मुलींना सातवीनंतर शाळेतून काढता त्याबद्दल, एसटी स्टँडवरच्या बंद नळाबद्दल, निकाहनाम्यात बायकोच्या अटी लिहीत नाहीत त्याबद्दल. दर मे महिन्यात मी तिथे जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घातल्या आहेत. माझं मराठी शाळेतून आलेलं नाही, त्या पत्रकांतून आलेलं आहे. "'काही लोक' असं लिवायचं नाय गो," नाना म्हणायचे. "काही लोक म्हंजे कोणीच नाय." एकदा मशिदीच्या कमिटीने त्यांना बोलावून माफी मागायला सांगितलं, तर त्यांनी तिथल्या तिथे खिशातून पुढचं पत्रक काढून वाटलं. अशा माणसाची नात मी. आणि दोह्यात एका स्टुलावर बसून तास मोजत होते.

जुलैमधल्या एका मंगळवारी दार उघडलं आणि अब्बा आत आले. एरवी ते दुसऱ्या वेळेला यायचे, त्यामुळे आमची गाठ कधी पडली नव्हती. सोबत एक कामगार होता, तिशीचा, भिंतीला धरून चालणारा. अब्बांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ही माझी मुलगी," त्यांनी त्याला मराठीत सांगितलं. "डॉक्टर व्हतेय."

"बरं झालं बघा," तो म्हणाला. "आपलं माणूस भेटलं." तो लातूरकडचा होता. खुर्चीवर बसताना त्याने दोन्ही हातांनी आपला एक पाय उचलून पुढे ठेवला.

"बोल, काय व्हतंय?" अब्बांनी विचारलं.

"तीन दिस झाले, लघवी काळी व्हायलीय. सुलेमानी चहा असतो ना इकडं बिनदुधाचा, तसली. मांड्या दगडावानी झाल्यात. आन् परवा काम करता करता चक्कर येऊन पडलो."

"कुठं पडलास?"

"लुसैलच्या टावरमधी, बाराव्या मजल्यावर. एसीचे डक्ट बसवायलोत. काचा लागल्यात, एसी चालू न्हाई, वारं न्हाई. भट्टी व्हतीय दुपारी."

'दुपारी' म्हटल्यावर अब्बा क्षणभर थांबले; उन्हाळ्यात भर दुपारी असं काम करून घ्यायला इथे कायद्याने बंदी आहे. मग डॉक्टरांकडे वळून अरबीत म्हणाले, "डोकं दुखतंय. थकवा आहे. पाणी कमी पितो."

डॉक्टरांनी पेन उचललं.

मी काही विद्वान नव्हते. पण उन्हाने आणि अतिकष्टाने स्नायू फुटतात, त्यांचा रंग लघवीत उतरतो आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हे मागच्याच महिन्यात परीक्षेला आलं होतं. पाच मार्कांना. मला पाचपैकी पाच होते.

"तो असं म्हणाला नाही," मी इंग्रजीत म्हटलं. मी उभी राहिले होते. मग लघवीचा रंग, मांड्या, बारावा मजला, दुपार, सगळं सांगून टाकलं.

"बस गो खाली," अब्बा दबक्या आवाजात म्हणाले.

डॉक्टर एकदा माझ्याकडे, एकदा अब्बांकडे बघत होते. तो कामगार मात्र फक्त अब्बांकडे बघत होता. मी इंग्रजीत काय बोलले ते त्याला कळलं नव्हतं, पण काहीतरी बिघडलं एवढं कळलं होतं. "ताई, ऱ्हाऊ द्या," तो मला म्हणाला. "गोळी द्या म्हणा नुसती. उद्या कामावर जायचंय."

डॉक्टरांनी लघवीचा नमुना मागवला. त्या छोट्या डबीकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि फोन उचलला. अर्ध्या तासात अ‍ॅम्ब्युलन्स त्याला मोठ्या इस्पितळात घेऊन गेली.

आमचं घर ओल्ड एअरपोर्ट भागात, दुसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी अब्बा आले ते कपडे न बदलता जेवणाच्या टेबलाशी बसले.

"तू मला तिथं खोटा पाडलास."

"तुम्ही खोटंच बोललात."

"आवाज खाली," अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली. "पलीकडं माणसं ऱ्हातात."

"दुपारी पडला असं कागदावर गेलं की साइटवर चौकशी येते," अब्बा म्हणाले. "काम बंद. मग वरून विचारतात, दवाखान्यात कोण गेला व्हता? तुझा व्हिसा कोणाच्या नावावर हाय? माझ्या. माझा कोणाच्या?"

"म्हणून त्याची किडनी जाऊ द्यायची?"

"मला किडनीचं काय ठाऊक? मला वाटलं उन्हाचं हाय. सगल्यांनाच व्हतं."

या 'सगल्यांनाच व्हतं'चा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. सगळ्यांना होतं म्हणून ते सांगायचं नाही! मी हे असंच ओरडून म्हटलं. अम्मी हातातलं कालथं घेऊन दारात येऊन उभी राहिली.

अब्बांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस बसतेस तिथं. बाकीच्या कंपन्यांची माणसं काय सांगतात, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मी वलखतो सगल्यांना. कोणी काय सांगत असेल ते मला ठाऊक हाय. त्यांतल्या कोणाला अडवलंस कधी?"

"नाही."

"मग बापावरच कसं तोंड सुटलं?"

ते उठून हात धुवायला गेले. त्यांनी जेवण केलं, मी केलं नाही. कारण उत्तर मला लगेच कळलं होतं. छाती धरणाऱ्या माणसाच्या वेळी मी बोलले असते, तर कंपनीच्या माणसाने तक्रार केली असती, क्लिनिकने मला काढलं असतं, तास बुडाले असते, पत्र बुडालं असतं. बाप मला कुठून काढणार होता? मी त्या एकाच माणसावर आवाज चढवला ज्याच्याकडून मला भीती नव्हती. अब्बांचं खोटं यामुळे खरं होत नाही. ते खोटंच होतं, आणि त्यावर एका माणसाची मूत्रपिंडं टांगली होती. पण माझ्या धाडसाची किंमत त्या रात्री मला कळली, आणि ती शून्य होती.

तो माणूस वाचला. काही दिवस डायलिसिसवर होता. अब्बा रोज कामावरून परस्पर त्याला भेटायला जायचे आणि घरी त्याबद्दल अक्षर बोलायचे नाहीत. इस्पितळातून सुटल्यावर कंपनीने त्याला 'सुट्टीवर' गावी पाठवलं. परतीचं तिकीट दिलं नाही. अब्बांना दवाखान्याच्या कामावरून काढून गोदामात बसवलं. कंपनीच्या कामगारांसोबत आता दुसरा माणूस येतो. तो तरुण आहे, भराभर बोलतो.

कॉलेजच्या सल्लागार बाईंना ही हकीकत कुठूनतरी कळली. त्या आनंदाने जवळजवळ उडाल्याच. "हीच तुझी स्टोरी! यानेच सुरुवात कर!" त्या म्हणाल्या. मी खरोखर घरी येऊन डॉक्टरांच्या वतीने टाइप केलं: 'तिच्या धैर्यामुळे एका गरीब कामगाराचा जीव वाचला.' वाक्य पडद्यावर छान दिसत होतं. मी ते तीनदा वाचलं. ज्याला परतीचं तिकीट नाही, त्याच्या लघवीच्या रंगावर मी मेडिकलची सीट मागत होते.

मी ते पुसलं आणि दुसरं पत्र लिहिलं. तेही डॉक्टरांच्याच वतीने.

'ही विद्यार्थिनी माझ्या खोलीत साठ तास बसली. पेशंटचं बोलणं कंपनीचा माणूस बदलून सांगतो, हे तिला पहिल्या आठवड्यात कळलं. किमान चार वेळा तिने ते ऐकलं आणि मला सांगितलं नाही. सत्तावन्नाव्या तासाला तिने सांगितलं, कारण तो माणूस तिचा बाप होता. मीही कधी पेशंटला थेट विचारलं नाही. आजही विचारत नाही.'

शेवटचा पेशंट गेल्यावर मी ते टेबलावर ठेवलं. डॉक्टर वाचू लागले, पुन्हा पहिल्या ओळीवर गेले आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले.

"हे घेऊन तुला कोण प्रवेश देईल?"

"माहीत नाही."

"आणि सही केली तर मला इथे कोण ठेवील?"

ते वाईट माणूस नाहीत. त्यांचाही व्हिसा क्लिनिकच्या मालकाकडे आहे, आणि मालकाला कंपन्या पेशंट पाठवतात. हे मला समजतं. समजल्याने राग कमी होत नाही, उलट तो कुठे ठेवायचा हेच कळेनासं होतं.

"कोण चार?" त्यांनी विचारलं.

मी छातीवाल्यापासून सुरुवात केली. तारीख वहीत होतीच. त्यांनी कॉम्प्युटरवर फाइल काढली, स्वतःच लिहिलेली गॅसची गोळी बराच वेळ पाहिली आणि फाइलीतला नंबर फिरवून फोन स्पीकरवर ठेवला.

"हां डॉक्टर, बोला," पलीकडून अरबीत मोकळा, ओळखीचा आवाज आला. तो पेशंटचा नव्हता. कंपनीच्या माणसाचा होता. डॉक्टरांनी पेशंटला उद्याच्या उद्या तपासणीला पाठवायला सांगितलं. "तो तर दुसऱ्या लेबर कॅम्पला गेला, डॉक्टर. इन्शाल्ला, बघतो."

दुसऱ्या फाइलीतही त्याचाच नंबर होता. तिसरीत आणखी एका कंपनीच्या माणसाचा. चौथीत अब्बांचा; त्या दिवशी त्यांच्याऐवजी कंपनीचा ड्रायव्हर आला होता, तरी फाइलीत नंबर अब्बांचाच.

डॉक्टरांनी माझं पत्र पुढे ओढलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: 'माझ्या फायलींत पेशंटचे स्वतःचे नंबर नाहीत.' मग सही केली.

सल्लागार बाई म्हणाल्या, हे जोडू नकोस, दुसऱ्या कुणाकडून घे. मी तेच जोडलं. मेडिकल कॉलेजचं उत्तर अजून आलेलं नाही. चौघांपैकी दोघांचा अब्बांनी त्यांच्या ओळखीतून पत्ता काढला आणि ते दोघे येऊन तपासणी करून गेले. छातीवाला धरून दोघे अजून सापडलेले नाहीत.

माझे तास संपलेत, तरी मी आठवड्यातून दोनदा क्लिनिकला जाते. आता स्टुलावर नाही, बाहेर रिसेप्शनपाशी उभी राहते. डॉक्टरांनी तिथल्या फॉर्ममध्ये पेशंटच्या स्वतःच्या नंबरासाठी एक रकाना टाकून घेतलाय; तो भरायचं काम माझं. परवा अब्बांच्या जागी आलेला तो तरुण एका कामगाराला घेऊन आला. मी कामगाराला नंबर विचारला. त्या तरुणाने मधेच स्वतःचा नंबर सांगायला सुरुवात केली.

"आपसे नहीं पूछा," मी म्हटलं.

"तुम कौन हो?" त्याने आवाज चढवला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "मालिक को फोन करूँ?"

"कीजिए," मी म्हटलं. मी कामगाराकडे वळून पुन्हा विचारलं, "भाई, आपका नंबर?"

त्याने एकदा त्या तरुणाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खिशातून मोबाइल काढला आणि एकेक आकडा सांगायला लागला.