दुसऱ्याच्या गाडीतला नमुना

आंजी गावच्या रूपरावांना दूध हवं असलं, की ते स्वतः गोठ्यात जाऊन म्हशीपुढे उभे राहत. गवळ्यानं बादली उचलली की म्हणत, "आधी उलटी करून दाखव." दुकानदारानं हसून रामराम केला तर आज काट्यात काहीतरी गोम आहे असं ते समजत, आणि तोंड पाडून केला तर काल कुठेतरी सापडलेला दिसतो असं. गावातली पोरं त्यांना मागून 'सीआयडी' म्हणत. ते कानावर आलं तेव्हा हे नाव पसरवण्यामागे कोण आहे, याचा तपास त्यांनी महिनाभर केला.

पण माणूस अगदीच उगाच संशयी नव्हता. एकदा त्यांनी कापसाची गाडी विकायला नेली होती. व्यापाऱ्याच्या माणसानं मूठभर कापूस उपसला, दाबून पाहिला, 'ओला आहे' म्हणून भाव पाडला. रूपरावांनी ती मूठ नाकाशी नेली आणि तिथेच बोंब ठोकली. तो कापूस त्यांचा नव्हताच, शेजारच्या गाडीतला होता. चार लोक जमले, व्यापाऱ्यानं पडतं घेतलं. दहा वेळा खोटा ठरलेला संशय एकदा खरा ठरला की माणूस तो जन्मभर पोसतो. तेव्हापासून रूपरावांचं ठाम मत झालं, की जगात जिथे जिथे नमुना घेतला जातो, तिथे तिथे तो बदलला जातो.

अशा माणसाच्या गावात हृदयतपासणीचं शिबिर लागलं.

शाळेच्या वर्गात नवराबायको शेजारी शेजारी बसले. रक्त काढणारी पोरगी शेजारणीशी बोलत बोलत शिश्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. रूपरावांचे डोळे त्या चिठ्ठ्यांवरून हलले नाहीत. आठवड्यानं निकाल घ्यायला दोघं वर्ध्याच्या दवाखान्यात गेले. रूपराव म्हणजे धिप्पाड गडी, वांग्याच्या भाजीवर तर्रीचा लाल थर नसेल तर ताट सरकवून देणारा. त्यांचं रक्त ठाकठीक. आणि आनंदाबाई, वाळल्या तुराटीसारखी बाई, सोमवार, गुरुवार, एकादशी पाळणारी, तिच्या रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल हवं त्याच्या दुपटीहून जास्त!

"मॅडम, हे उलटं झालं," रूपराव तिथल्या डॉक्टर माधवींना म्हणाले. "इच्या अंगावर चरबी कुठी हाये? चरबी तर मायाजवळ हाये."

"काका, पोटावरची चरबी दिसते, रक्तातली दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तातली पुष्कळशी आपलं यकृतच तयार करतं आणि जास्तीची परत उचलूनही घेतं. काही घराण्यांत हे उचलायचं काम जन्मापासूनच अर्धवट चालतं. मग माणूस बारीक असो, उपाशी असो, ती रक्तात राहते आणि हृदयाच्या वाहिन्यांना आतून थर धरते. तेलतूप कमी केल्यानं फरक पडतो, पण काकूंचं तेवढ्यावर भागणार नाही. त्यांना रोज गोळी लागेल. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून तुम्हीही तर्री ओढू नका. वजन बघा तुमचं."

मग त्यांनी आनंदाबाईंच्या पापण्या बोटानं जरा ओढून पाहिल्या. नाकाच्या बाजूला पिवळट चट्टे होते. घरात सगळे ती हळद समजत, पण ती कातडीखाली साचलेली चरबी होती.

"माहेरी कुणाला हृदयाचा त्रास?"

"माया भाऊ, अल्लीपूरचा," आनंदाबाई म्हणाल्या. "प्रभाकरराव. लग्नाच्या पंगतीत जेवता जेवता गेला जी. चाळिशीतला होता. मायासारखाच काडी."

रूपरावांना हे नवं नव्हतं. त्या मरणाबद्दल त्यांचा पंगतीतल्या वाढप्यावर आजवर संशय होता.

परत येताना ते ऑटोत एकच वाक्य घोळवत राहिले. "नमुना बदलला, आकांक्षाची माय. त्या पोरीनं माया डोळ्यासमोर बदलला."

"बदलला असंन नाई तर नसंन," आनंदाबाई म्हणाल्या. त्या सहसा हट्ट करत नसत. "मले गोळी पाह्यजे. माया भावाले कोणी गोळी देल्ली नाई. मले मरा लागत नाई इतक्यात. आकांक्षाचं बाळंतपण कराचं हाये."

"देतो ना बापा! मीच देत जाईन रोज."

आणि त्यांनी दिली. फक्त वेगळी दिली. त्यांचा हिशेब सरळ होता. आजार ज्याचा, औषध त्याचं. ते रक्त आपलं, म्हणजे गोळीही आपली. धडधाकट बाईच्या पोटात दुसऱ्याचं औषध घालायचं हे पाप. म्हणून डॉक्टरांची गोळी ते स्वतः मोरीत जाऊन गिळत, आणि आरोग्य केंद्रातून आणलेली कॅल्शियमची गोळी पाकिटातून सोडवून बायकोच्या हातावर ठेवत. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल. आनंदाबाई तीर्थाला करावी तशी ओंजळ पुढे करत आणि गिळून झाल्यावर म्हणत, "चला, आजचा दिवस झाला."

आपण बायकोला फसवतो आहोत असं रूपरावांना एकदाही वाटलं नाही. आपण तिला वाचवतो आहोत, असंच वाटायचं. राग यावा तो इथे. लबाड माणूस निदान मनातल्या मनात घाबरतो तरी. हे आपले शहाणपणाच्या तोऱ्यात निर्धास्त झोपत होते.

त्यांनी तर्री सोडली, सकाळी वेशीपर्यंत चालायला लागले, पोट उतरलं. आनंदाबाईंनीही डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य पाळलं. वनस्पती तूप घरातून गेलं, तळण सणापुरतं राहिलं. रूपरावांना त्याची काळजी वाटे. बाई आधीच वाळलेली, वरून तुपाशिवाय खाते. ते गुपचूप तिच्या वरणात चमचाभर तूप सोडत.

उन्हाळ्यात अंगणात शेवया वाळत घालताना आनंदाबाई मटकन खाली बसल्या. छातीवर जातं ठेवल्यासारखं होतं म्हणाल्या, जबडा दुखतो म्हणाल्या. अंगाला दरदरून घाम. एवढं खरं, की त्या वेळी रूपरावांनी कुणावरही संशय घेतला नाही. शेजारच्या प्रफुलची गाडी आली तशी बायकोला उचलून आत घातली आणि वर्धा गाठलं. डॉक्टरांनी हृदयाच्या वाहिनीत जाळी बसवली. बाई वाचली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर माधवी कागद घेऊन खाटेपाशी बसल्या. बोरगाव मेघेहून आलेली आकांक्षा, रूपरावांची लेक, आईचे पाय दाबत होती. तिला सातवा महिना लागला होता.

"काकू, गोळी रोज घेत होता?"

"एकबी दिवस चुकली नाई, मॅडम," आनंदाबाई थकलेल्या आवाजात पण अभिमानानं म्हणाल्या. "हेच देत होते हातावर."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "मला हे पटत नाही. शिबिरात जो आकडा होता, तोच पुन्हा आलाय. रोज गोळी घेऊन तो हलत कसा नाही? काका, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात ना नमुना बदलला म्हणून? आता या वेळच्या नमुन्याबद्दल मलाही तशी शंका येतेय. नाहीतर दुकानदारानं बनावट गोळी दिली असेल. कुठून घेतलीत? मी तक्रार करते. आणि काकूंना आता याहून जोरकस औषध लावावं लागेल."

जन्मभर रूपराव याच क्षणाची वाट पाहत होते. शिकलेलं माणूस, पांढऱ्या कोटातलं, स्वतःच्या तोंडानं म्हणत होतं की नमुना बदलला असेल, दुकानदार चोर असेल. नुसती मान हलवायची होती. दुकानदार खुलासे देत बसला असता आणि रूपराव गावात छाती काढून फिरले असते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या मनगटात सुई होती, ओठ सुकले होते, आणि ती त्यांच्याकडे मोठ्या आशेनं बघत होती. आपला नवरा आता त्या चोराला बरोबर पकडणार, अशी तिची खात्री होती.

"दुकानदाराचं काई नाई," रूपराव म्हणाले. "नमुनाबी बरोबर हाये. गोळी म्या खाल्ली."

"म्हणजे?"

"रोज म्याच खाल्ली. इले कॅल्शियमची देल्ली. मले वाटलं, रक्त मायं हाये."

आकांक्षाचे हात आईच्या पायांवर थांबले. डॉक्टरांनी कागद मिटला. त्या म्हणाल्या, "गोळी घेतली असती तर हे टळलंच असतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. वर्षानुवर्षांचा थर आहे तो. पण टाळायची जी संधी होती, ती त्यांना मिळालीच नाही." मग त्या आकांक्षाकडे वळल्या. "हे रक्तातून पुढे येतं. तुझंही तपासायला हवं. बाळंतपण झालं, की थोड्या महिन्यांनी ये."

आनंदाबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. रूपरावांना ते परवडलं असतं. संध्याकाळी नर्सनं गोळी आणून टेबलावर ठेवली. सवयीप्रमाणे रूपरावांनी ती उचलली आणि पाण्याचा पेला पुढे केला. आनंदाबाईंनी ओंजळ पुढे केली नाही. त्यांनी आकांक्षाला हाक मारली, गोळी नवऱ्याच्या हातून काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बाहेर नर्सबाईले दाखवून ये. हे मायीच हाये का, विचार."

आकांक्षा विचारून आली. "तुयीच हाये, आई."

तेव्हा आनंदाबाईंनी ती गिळली, पाणी प्यायल्या, तोंड पदराला पुसलं. पेला धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"अन् हे पाह्य, आकांक्षा," त्या लेकीला म्हणाल्या, "बाळंतपण झालं का तुयं रक्त तपासून घेजो. जवाईबुवाले घेऊन जाजो, नाई तं एकटी जाजो. बापाले संग नेऊ नको."