चौऱ्याण्णव अंश

पाच प्रयोगवह्या मी टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. पाचही वह्यांत एकच आकडा होता, चौऱ्याण्णव. समोर सातवीच्या पाच मुली माना खाली घालून उभ्या होत्या.

प्रश्न साधा होता. पाणी किती अंशाला उकळतं? या आकड्याला उत्कलनांक म्हणतात आणि पुस्तकात तो शंभर दिलाय. प्रयोगही सोपा. चंचुपात्रात पाणी तापवायचं, थर्मामीटर धरायचा, बुडबुडे आले की रीडिंग लिहायचं. सहा मुलींचा गट टेबलाशी होता, बाकीचा वर्ग बाकांवरून बघत होता. मी बर्नर पेटवून दिला आणि तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं. कसली तरी माहिती आजच ऑनलाइन भरायची होती. परत आले तेव्हा तास संपला होता.

जानेफळच्या आसपासच्या शाळांत वीस वर्षं विज्ञान शिकवतेय. माझा एक नियम आहे. कॉपी बरोबर उत्तरावरून सापडत नाही, चुकीच्या उत्तरावरून सापडते. दहा जणांचं बरोबर आलं तर अभ्यास म्हणता येतो. पाच जणांचं एकसारखं चुकलं, तर कुणीतरी कुणाचं तरी बघितलेलं असतं. स्टाफरूममध्ये मला मागून फौजदार मॅडम म्हणतात. मला ते आवडायचंही.

"कोणाचं पाहून लिहिलं?" मी विचारलं.

पायल म्हणाली, "कोणाचंच नाई, मॅडम. दिसलं ते लिहिलं."

"पाचही जणींना एकच चूक दिसली?"

तिने होकारार्थी मान हलवली. मला ते उद्धटपणाचं वाटलं. गटातली सहावी मुलगी ईश्वरी. तिच्या वहीत शंभर होतं. बाकांवरच्या साऱ्या वर्गाच्या वह्यांतही शंभरच. पाच जणींना मी शून्य दिलं आणि लाल शाईने 'कॉपी' असा शेरा मारला.

आता अडचणीची गोष्ट सांगते. ईश्वरी माझी मुलगी. शाळेत ती मला मॅडम म्हणते, घरी आई. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला आमच्या शाळेतून एकच नाव जायचं होतं, तेही प्रॅक्टिकलच्या मार्कांवर. तोवर पायल पहिली होती. माझ्या शून्यानंतर ईश्वरी पहिली आली. हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण आपण नियमाने वागलो, मग भ्यायचं कशाला, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी पायलची आई आली. सुनीताबाईंची दोन एकर वांगी-टोमॅटो, आठवडी बाजारात स्वतः दुकान मांडतात. त्या माझ्याकडे आल्याच नाहीत, सरळ हेडसरांकडे गेल्या. सरांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, माही पोरगी रातभर जेवली नाई," सुनीताबाई शांतपणे म्हणाल्या. "मले विज्ञान समजत नाई. पण पाच पोरी चोर अन् तुमची एकटी साव, हे काऊन, थे सांगा."

मी कॉपीचा नियम समजावून सांगितला. त्या ऐकत होत्या, पण बाजारात वजनकाट्याकडे बघावं तशा माझ्याकडे बघत होत्या. त्या गेल्यावर सर एवढंच म्हणाले की लेकीचं नाव आहे, जरा जपून घ्या. म्हणजे संशय त्यांनाही होता. मला भयंकर राग आला. वीस वर्षांत माझ्याकडे कुणी असं बोट दाखवलं नव्हतं.

घरी आल्या आल्या मी ईश्वरीची वही काढली. तिचं निर्दोष असणं मला डोळ्यांनी बघायचं होतं. शंभरच्या आकड्याखाली कागद जरा खडबडीत लागला. व्हाइटनर. पान खिडकीशी धरून मागून पाहिलं. खाली चौऱ्याण्णव होतं.

ईश्वरी दारात उभी होती.

"रीडिंग कोणी घेतलं होतं?"

"मीच वाचून सांगितलं," ती म्हणाली. "चौऱ्याण्णवच्या वर जातच नव्हतं, आई. आमी साऱ्याजणींनी लई वेळ पाह्यलं."

"मंग शंभर काऊन लिहिलं?"

"पुस्तकात शंभर हाय. तू मार्क कापले असते. त्यायचे कापलेच ना."

पाच मुलींना एकच चूक दिसली, कारण थर्मामीटर एकच होता. एवढं साधं फौजदार मॅडमला कळलं नव्हतं.

सकाळी कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ आणला आणि तोच थर्मामीटर त्यात बुडवला. वितळत्या बर्फात शून्य दिसायला हवं. दिसलं शून्याच्या खाली चार. यंदाच आलेला नवा कोरा थर्मामीटर चार अंश कमी दाखवत होता. मग पाणी उकळलं. चौऱ्याण्णव. त्यात चार मिळवले की अठ्ठ्याण्णव. उरलेले दोन आमच्या जमिनीचे. पुस्तकातला शंभर समुद्रसपाटीचा आहे. गाव जितकं उंचावर, तितकी हवा विरळ आणि पाणी तितकं लवकर उकळतं. आमचं गाव घाटावर आहे. म्हणजे आमच्या गावात शंभर हा आकडा कुणालाही दिसणं शक्यच नव्हतं. ज्यांनी ज्यांनी शंभर लिहिलं, त्यांनी कॉपी केली होती. पुस्तकाची. आणि मी त्यांना पूर्ण मार्क दिले होते.

हेडसरांना वर्गात बोलावून सगळ्यांसमोर प्रयोग परत केला. पाच जणींचा शेरा खोडला, पूर्ण मार्क दिले आणि त्यांची माफी मागितली. शंभरवाल्यांचे निरीक्षणाचे मार्क काढले, ईश्वरीचेही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. प्रदर्शनाला पायलचं नाव गेलं, विषय 'आपल्या गावात पाणी किती अंशाला उकळतं?' आठवडी बाजारात सुनीताबाईंच्या दुकानापाशी जाऊन मी झालेली चूक सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि टोमॅटो नेहमीसारखेच मोजून दिले.

कॉपी चुकीच्या उत्तरावरून सापडते, हा नियम मी अजून पाळते. फक्त आता बरोबर उत्तरंही तितक्याच संशयाने बघते.

सहामाहीच्या आधी पायल वही घेऊन टेबलाशी आली. "मॅडम, पेपरात काय लिहू? शंभर का अठ्ठ्याण्णव?"

"समुद्रसपाटीला शंभर, आपल्या गावात अठ्ठ्याण्णव. दोन्ही लिही."

"मार्क कापसान नाई ना?"

"नाही कापणार."

तिने ते वाक्य वहीत लिहिलं, वही माझ्यापुढे सरकवली आणि पेन दिलं.

"मंग सही करा."

मी सही केली.