बंगईचा दिवा

शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत गावाकडून अवेळी फोन आला की तो उचलायलाच नको वाटायचं. कोणी विहीर जवळ केली, कोणी फवारणीचं औषध घेतलं, हेच ऐकायचं. म्हणून मला घरात वाजणारं काही नकोच होतं. मी अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची आणि उरलेल्या वेळात न ओरडणारी, सावकाश सांगणारी यंत्रं जुळवत बसायची. तिवशाजवळच्या आमच्या गावी आई रोज दुपारी ओसरीतल्या बंगईवर झोके घेई. त्या झोपाळ्याच्या कडीला मी एक डबी बांधली. बंगई हलली की जुन्या मोबाइलमधून इशारा येई आणि माझ्या स्वयंपाकघरातला दिवा हळूहळू उजळत जाई. ना आवाज, ना आकडा. दिवा लागला म्हणजे आई निवांत बसली आहे, एवढंच. नवरा चिडवायचा, त्यापेक्षा एक फोन लाव की. त्याला काय कळतंय, असं मी म्हणायची.

त्या हिवाळ्यात दिवा नेहमीपेक्षा जास्त वेळ जळू लागला. आईला आता आराम मिळतोय, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. मग डबीची बॅटरी बदलायला एका दुपारी न कळवता गावी गेले. ओसरीत वहिनी उभ्यानं बंगईला झोके देत होती. वर वरवंटा ठेवलेला. रिकामी बंगई हलवू नये म्हणतात, म्हणून.

आई कुठे, विचारल्यावर ती रडायलाच लागली. आईला अर्धांगाचा झटका आला होता आणि तेव्हापासून भाऊ तिला घेऊन अकोल्याच्या दवाखान्यात होता.

"आईनंच सांगतलं, ताई," वहिनी म्हणाली. "दिवा नाई लागला तं पोरगी काम टाकून पळत येईन म्हणे. तू बंगई हालवत राहाजो."

शिकवणं सोडलं तर माझं काम म्हणजे तरी काय होतं? तोच दिवा. सख्ख्या माणसांनी केसानं गळा कापला, आणि तो केस मीच पुरवलेला. आल्या पावली मी निघाले.

अकोल्याला आईनं मला ओळखलं. नुसती बघत राहिली. काल दुसरा झटका आला, त्यात वाचा गेली, असं भाऊ खाली मान घालून म्हणाला. परवापर्यंत ती चांगली बोलत होती.

परवा दुपारी मी दिव्याशेजारी भाकरी थापत होते. आई झोके घेतेय म्हणून गुणगुणत होते.