नसलेल्या पोराची चौकशी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या वाडीतले नाही; उद्या सकाळी दुधाच्या रांगेत तुमची-माझी गाठ पडणार नाही. एवढा भित्रा आहे मी, हे आधीच समजून घ्या.

रत्नागिरीत एका कंपनीत मी कामाला आहे. कोकणात फिरायला येणाऱ्यांना घरगुती खोल्या मिळवून देणारी वेबसाइट आहे आमची. माझ्याकडे तक्रारी. कुणाचं बुकिंग अडकलं, कुणी पासवर्ड विसरला, कुणाला बाथरूममध्ये पाल दिसली — सगळं माझ्या स्क्रीनवर येतं. प्रत्येक तक्रारीला आम्ही तिकीट म्हणतो. तिकीट आलं की उत्तर द्यायचं आणि बंद करायचं. ‘आपली गैरसोय झाली, आम्ही दिलगीर आहोत’ — तोंडपाठ आहे मला. खरं सांगू? दिलगीर वगैरे मी कधीच नसतो.

राहतो आरे-वारेच्या अलीकडे, समुद्राजवळच्या वाडीत. आमच्यापासून तिसरं घर सुमनकाकीचं. नात्यातली नाही, पण लहानपणी आईपेक्षा तिच्या हातचंच मी जास्त जेवलोय. तिचे यजमान खलाशी होते. कंबर गेली, घरी बसले. तेव्हा मीच म्हटलं, काकी, मागच्या दोन खोल्या रंगवून घे, वेबसाइटवर घालतो. फोटो मी काढले, माहिती मी लिहिली. पाहुणे येऊ लागले आणि जाताना काकीच्या कालवणाचं कौतुक लिहून ठेवू लागले. काकी मासा घ्यायला स्वतः बंदरावर जायची. कल्ला उचलून बघितल्याशिवाय, बोटाने दाबल्याशिवाय कुणाकडूनही घ्यायची नाही. कोळणी तिला बघूनच हसायच्या.

मग आम्हीही खोल्या बांधल्या. आईच्या नावावर. टाइल्स, एसी, गीझर, सगळं. आणि पाहुणे? आमच्या दारावरून काकीकडे! आई पडवीत बसून बघत राहायची. “आज पण गाडी तिकडंच गेली काय रे?” एवढंच म्हणायची. तिने मला काही करायला सांगितलं नव्हतं — तिला यात ओढू नका. जे केलं ते मी केलं.

काय केलं, ते सांगायचं टाळतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

एका रविवारी दुपारी, आई जेवून लवंडली असताना, मी खोट्या नावाने खातं उघडलं. मुक्काम न करताही आमच्या साइटवर अभिप्राय लिहिता येतो, ही पळवाट मला ठाऊक होती. तसल्याच तक्रारी निस्तरतो ना मी! काकीच्या घराखाली लिहिलं — ‘मासे शिळे होते. आमच्या लहान मुलाला उलट्या झाल्या, दवाखान्यात न्यावं लागलं. कुणीही जाऊ नका.’ आणि एक तारा.

खोल्या अस्वच्छ आहेत, असं लिहिता आलं असतं. महाग आहे, असं लिहिता आलं असतं. मग शिळे मासेच का? कारण नेमकं कुठे लागेल ते मला माहीत होतं. घरचाच होतो मी तिच्या.

बुकिंगं आटली. काकी फोन घेऊन आमच्या पडवीत आली. “नितीन, ह्ये कोन रे? माज्याकडं शिळा मासा?” मी म्हटलं, वरचे साहेब बघतात, माझ्या हातात काही नसतं, तू तक्रार टाक. तिने फोनमध्ये बोलून बोलून तक्रार टाकली. ती कुठे आली? माझ्याच स्क्रीनवर. अभिप्राय खोटा ठरवून काढून टाकायला एक बटण पुरे होतं. पण काढला की साहेब खातं तपासणार, आणि ते माझ्याच फोनवरून उघडलेलं. नोकरी जाईल, वाडीत तोंड दाखवता येणार नाही. मी लिहिलं, ‘तपासणीअंती सदर अभिप्राय नियमानुसार योग्य आढळला आहे.’ तिकीट बंद.

तिने पुन्हा टाकली. मी पुन्हा बंद केली. असं चाललं होतं. आणि मग एक तिकीट आलं, ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. ‘साहेब, त्यो अभिप्राय ऱ्हाऊ दे. चुकलं असंल माजं. पन त्या पोराच्या आईचा नंबर द्या. पोर आता बरं हाय ना, येवढंच विचारायचं हाय.’

कळलं का तुम्हाला? काकीला ते पटलं होतं. कंपनीने तपासलंय म्हणजे खरंच असणार! आलेल्या पाहुण्यांतलं कुठलं पोर ते, कुठल्या दिवशीची सुरमई, हे ती आठवत बसली होती. आणि मी? मी उत्तर दिलं — ‘गोपनीयतेच्या कारणास्तव ग्राहकाची माहिती देता येत नाही. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ निदान ‘बरं आहे’ एवढं तरी लिहायचं! कोण विचारणार होतं मला? तेही मी लिहिलं नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

काकीने पाहुण्यांसाठी मासे करणं सोडलं. मग खोल्याच बंद केल्या. आता यजमानांनासुद्धा ती डाळभात वाढते. परवा आई तिला कालवण घेऊन गेली, तर वाटी नाकाशी धरून काकी म्हणाली, “ताजं हाय ना गो? माज्या नाकाचं आता काय खरं नाय.” आई घरी येऊन हळहळत होती. आमच्या खोल्या हल्ली भरलेल्या असतात. आणि काकीचं तिकीट अजून येतं, अधूनमधून. तोच प्रश्न.

यंदा शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरत काकीच्या अंगणात आली. आमच्यात पालखी दारात आली की गुरव त्या घराचं गाऱ्हाणं देवापुढे मांडतो, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणायचं असतं. पालखीचा पुढचा दांडा माझ्या खांद्यावर होता. आम्ही ती उतरवली, काकीने ओटी भरली आणि गुरवाच्या कानाशी काहीतरी सांगितलं. कंबर घट्ट धरून यजमान भिंतीशी उभे होते. मला वाटलं, खोल्या पुन्हा चालू दे म्हणून मागत असेल. गुरवाने हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ह्या घरचं जेवून जे पोर आजारी पडलं, ते जिथं असंल तिथं त्याला सुखी ठेव, औक्ष दे. आनि ह्या बाईची चूक पोटात घे.”

मी ‘होय म्हाराजा’ म्हटलं. शेजारच्यांपेक्षा मोठ्याने म्हटलं. काकीने वळून बघितलं. परक्या पोरासाठी मी एवढ्या पोटतिडकीने ओरडलो, म्हणून तिचे डोळे भरून आले. प्रसादाच्या खोबऱ्याचा पहिला तुकडा तिने माझ्या हातावर ठेवला.

मी तो खाल्ला.